पेन टॅब्लेट उबंटूवर लागला, पण दाब ओळखत नाही. सल्ला हवा

गोदाकाठची
नमस्कार. मी दर रविवारी गोदाघाटावर स्केचिंगला जाते. नारोशंकराच्या घंटेची वहीतली रेखाटनं आता क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवायची आहेत. त्यासाठी सेकंडहँड पेन टॅब्लेट घेतला, वॅकॉम या प्रसिद्ध कंपनीचा नाही. लॅपटॉपवर उबंटू २२.०४ आहे. कर्सर हलतो, पण हात हलका ठेवला काय नि जोर दिला काय, रेघ एकाच जाडीची! विंडोजवर परत जायचं नाहीये. सरळ वॅकॉम घेऊ का?

पंचवटीकर
ताई, लगेच पैसे घालू नका. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) चालवा, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येईल. टॅब्लेटच्या ओळीत कोलनच्या आधीचा क्रमांक कंपनीचा (वॅकॉमचा ०५६ए), नंतरचा मॉडेलचा. ड्रायव्हर खोक्यावरचं नाव बघत नाही, हा क्रमांक बघतो. मग पेनकडून काय माहिती येते ते बघायला लिबइनपुट-टूल्स (libinput-tools) पॅकेज टाका, सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' (libinput debug-events) चालवा आणि पेन टेकवा. 'टॅब्लेट टूल'च्या ओळी येऊन दाबाचा आकडा बदलला, तर क्रिटाचा ब्रश तपासा. नुसतं 'पॉइंटर मोशन' आलं, तर टॅब्लेट माउस म्हणूनच चालतोय.

गोदाकाठची
फक्त पॉइंटर मोशन येतंय.

सिडकोवाला
एक्ससेटवॅकॉम या टॅब्लेट सेटिंगच्या आज्ञेने दाब सेट करून बघा.

पंचवटीकर
त्याचा इथे उपयोग नाही. ते एक्स११ या जुन्या डिस्प्ले प्रणालीवरच चालतं, २२.०४ बहुधा वेलँड या नव्या प्रणालीवर असतं. शिवाय दाब मुळात येतच नाही, तर सेट काय करणार? डिजिमेंड प्रकल्पाच्या मंडळींनी बिगर-वॅकॉम टॅब्लेटसाठी मोठं काम केलंय, ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) यूसीलॉजिक ड्रायव्हरमध्ये येत गेलं. म्हणून आधी नवा कर्नल. त्यासाठी पेनड्राइव्हवर उबंटू २४.०४ टाका, इन्स्टॉल न करता त्यावरून बूट करा, तीच चाचणी घ्या. नाहीच जमलं तर ओपनटॅब्लेटड्रायव्हर या वेगळ्या ड्रायव्हरच्या यादीत तुमचं मॉडेल शोधा. तो टाकलात तर कर्नलचं यूसीलॉजिक मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा (म्हणजे ते लोडच होऊ देऊ नका), नाहीतर दोघांची एकाच टॅब्लेटवर ओढाताण होते.

गोदाकाठची
२४.०४ वर दाब आला!! क्रिटाच्या टॅब्लेट टेस्टरमध्येही दिसतोय. मनापासून आभार. पण गोल काढला की लंबगोल होतो, घंटा चेपल्यासारखी दिसते.

पंचवटीकर
टॅब्लेट आणि स्क्रीनची लांबी-रुंदी वेगळ्या प्रमाणात आहे, म्हणून. सेटिंग्जमध्ये 'वॅकॉम टॅब्लेट' पान उघडा. नाव तसं असलं तरी ओळखलेले इतर टॅब्लेटही तिथेच येतात. त्यात प्रमाण राखण्याचा पर्याय चालू करा. टॅब्लेटची थोडी कड वाया जाईल, पण गोल गोलच येईल. रंगवलेली घंटा इथे टाका, बघायची आहे.