रॅली गेम पीसीवर की कन्सोलवर?

घाटवळण:
डर्ट रॅली २.० मी आधी दोन वर्षं कन्सोलवर खेळलो, आता वर्षभर पीसीवर खेळतोय. मत ठाम झालंय: रॅली मनापासून खेळायची तर पीसीच. ग्राफिक्ससाठी नाही, हँडब्रेकसाठी. कंट्रोलरवर हँडब्रेक म्हणजे एक बटण. दाबलं की पूर्ण लागला, सोडलं की पूर्ण सुटला. पीसीला मी सुटा यूएसबी हँडब्रेक जोडलाय. हेअरपिनच्या, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणाच्या, तोंडाशी स्टिअरिंग जरा आत घ्यायचं, दांडा अर्धाच ओढायचा, मागची चाकं किती घसरतायत ते बघून आणखी थोडा. नाक पुढच्या रस्त्याकडे वळलं की दांडा सोडून अ‍ॅक्सिलरेटर. कन्सोलला असा सुटा हँडब्रेक सहसा चालत नाही, बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या व्हील बेसमधून (गेमसाठीचं स्टिअरिंग, म्हणजे व्हील, ज्यावर बसतं तो भाग) जोडावा लागतो.

धुरळा:
हँडब्रेकचं पटलं, 'पीसीच' हे नाही पटलं. सर्किट पाठ होतं, रॅलीची स्टेज, म्हणजे वेळ लावून पार करायचा रस्त्याचा टप्पा, होत नाही. 'ओव्हर क्रेस्ट, लेफ्ट थ्री' (चढाच्या माथ्यापलीकडे डावं वळण, तीन हा त्याच्या तीव्रतेचा आकडा) ऐकलं की माथ्यापलीकडचं काही दिसत नसताना शेजारी बसून वळणं सांगणाऱ्या को-ड्रायव्हरच्या भरवशावर गाडी सोडायची असते. तेव्हाच चित्र अडखळलं तर गाडी थेट झाडात. माझ्या पीसीवर एका नव्या रॅली गेममध्ये हे दर स्टेजला व्हायचं. ग्राफिक्सचे ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) अपडेट केले, सेटिंग्ज खाली आणल्या, तीन तास गेले आणि एकही स्टेज पूर्ण झाली नाही. तोच गेम कन्सोलवर घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी अख्खी रॅली खेळलो. मला गाडी चालवायची आहे, सेटिंग्ज नाही.

जुनागिअर:
धुरळा, तुमचा त्रास खरा आहे, पण जरा लांबचं बघा. रिचर्ड बर्न्स रॅली २००४ साली प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि पीसी, तिन्हींवर आला. कन्सोलवरचा होता तिथेच थांबला. पीसीवर चाहत्यांनी गाड्यांचं फिजिक्स नव्यानं लिहिलं, शेकडो स्टेजेस जोडल्या, आजही त्यावर ऑनलाइन रॅल्या भरतात. ओल्या मातीत टायर कसा पकड सोडतो हे मला तरी त्याच्याइतकं कुठेच जाणवलेलं नाही. वीस वर्षांपूर्वीचा गेम जिवंत आहे तो फक्त पीसीमुळे.

धुरळा:
ते श्रेय पीसीचं, पूर्ण मान्य. पण तिथवर पोचायला मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) टाकता आले पाहिजेत, व्हील पाहिजे. नवा माणूस कंट्रोलर घेऊनच सुरुवात करतो. चाकं लॉक होतात तेव्हा ट्रिगरच्या थरथरीतून ब्रेक बोटांना कळतो, आणि कन्सोलवर हे काहीही न जुळवता मिळतं. त्याला आधी ब्रेक शिकू दे.

चिखलगाडा:
व्हील घेणाऱ्यांनी एक बघून घ्या. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनला चालतं, जी९२० एक्सबॉक्सला. अदलाबदल होत नाही. पीसीला दोन्ही चालतात. उद्या कन्सोल बदललात तर चांगलं व्हील पडून राहील. माझं मत पीसीला.

घाटवळण:
धुरळा, अडखळण्यावर एक करून बघा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) मोकळा सोडू नका, पीसी सगळीकडे सहज देईल त्या आकड्यावर बांधून टाका. माझ्याकडे ६० वर बांधल्यापासून पोलंडच्या वेगवान स्टेजेससुद्धा सलग जातात. तरी अडखळलं तर सांगा, आपण तुमच्या सेटिंग्ज एकेक करून बघू.