‘हे माझं मत आहे’ म्हटलं की ते चूक ठरूच शकत नाही का?

कोरी_पाटी

वर्गासाठी तक्ता करतोय. डावीकडे ‘तथ्य’, उजवीकडे ‘मत’. मुलांनी प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात टाकायचं. वर नियम लिहिलाय : ‘तथ्य खरं किंवा खोटं असतं, मत खरंही नसतं, खोटंही नसतं.’ ही सात वाक्यं अडली आहेत :

१. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं.
२. चंद्र पृथ्वीपेक्षा मोठा आहे.
३. मला उन्हाळ्यापेक्षा हिवाळा आवडतो.
४. बुद्धिबळ फुटबॉलपेक्षा अवघड आहे.
५. मंगळावर एके काळी जीवसृष्टी होती.
६. प्लूटो ग्रह आहे.
७. खोटं बोलणं वाईट.

दुसरं तथ्य नाही, पण त्याला मत तरी कसं म्हणायचं? पाचव्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही, म्हणून ते मत का? आणि मुळात, मत चुकीचं असू शकतं का? असेल तर वरचा नियमच खोडावा लागेल.

तर्कवही

खोडाच. एका रेघेने तुम्ही दोन वेगळे प्रश्न वाटायला गेलात. विधान कोणत्या जातीचं, हा एक प्रश्न. ते खरं आहे का, हा दुसरा. डावीकडच्या रकान्याला ‘तथ्य’ऐवजी ‘पडताळता येईल असा दावा’ म्हणा, निम्मा गुंता तिथेच सुटेल. तथ्य कधी खोटं नसतं. खोटा असतो तो दावा. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर, पृथ्वीचा १२,७४२. म्हणजे दुसरं वाक्य डावीकडे, आणि त्यापुढे फुली.

ही गल्लत मोठी माणसंही करतात. प्यू रिसर्च सेंटर या पाहणी करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांना पाच पडताळण्याजोगी आणि पाच मतात्मक विधानं वेगळी करायला दिली. विधान अचूक आहे का ते बघायचं नव्हतं, फक्त जात ओळखायची होती. पडताळण्याजोगी पाचही ओळखणारे २६ टक्के निघाले, मतात्मक पाचही ओळखणारे ३५ टक्के.

पाचवं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. उत्तर माहीत नसणं वेगळं आणि उत्तरच नसणं वेगळं. मंगळावर जीवसृष्टी एक तर होती किंवा नव्हती. ‘होती असं मला वाटतं’ आणि ‘नव्हती असं मला वाटतं’ ही दोन्ही मतंच, पण त्यातलं एक आज या क्षणीही चुकीचं आहे. कोणतं ते कळायचंय एवढंच. म्हणून मत आणि तथ्य ही विरुद्धार्थी जोडी नव्हे. मत म्हणजे माणसाने एखाद्या गोष्टीबद्दल घेतलेली बाजू. ती गोष्ट आवडीची असू शकते, तशी वस्तुस्थितीचीही.

बाकीची भराभर :

तिसरं वाक्य बोलणाऱ्याच्या मनाबद्दल आहे. इथे चूक काढणं जवळजवळ अशक्य (खोटं बोलला तर गोष्ट वेगळी). पण ‘मला’ काढून ‘हिवाळा चांगला’ म्हटलं की ते दुसरंच विधान होतं.

चौथ्यात निकष गाळलाय. अवघड म्हणजे काय? ९० मिनिटांत दहाएक किलोमीटर धावणं, की पहिल्याच चालीला २० पर्याय असलेल्या खेळात पुढचं पाहणं? निकष भरला की वाक्य डावीकडे सरकतं.

सहावं व्याख्येवर टांगलेलं आहे. प्लूटो सापडला १९३० मध्ये. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी ग्रहाची व्याख्या ठरवली, आणि कक्षेचा परिसर स्वतःच्या गुरुत्वाने मोकळा केलेला असावा या अटीवर तो बाद झाला. त्या दिवशी प्लूटोत काहीच बदललं नाही. ‘संघाच्या व्याख्येनुसार प्लूटो ग्रह नाही’ हा डावीकडचा दावा. ‘ती व्याख्या सोयीची आहे’ हे मत, आणि त्यावर वाद घालायला जागा आहे.

आणि पहिलं वाक्य अर्धवट आहे. दाब लिहिल्याशिवाय उत्कलनबिंदूला अर्थ नाही. एक बार दाबाला (साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) पाणी सुमारे ९९.६ अंशांना उकळतं, उंच डोंगरावर त्याहून बरंच आधी.

फुली_बरोबर

तर्कवहींशी सहमत, पण ‘चुकीचं’ हा शब्दही सुटा करायला हवा. मत निदान तीन जागी चुकतं आणि प्रत्येक जागेची दुरुस्ती वेगळी.

एक, निष्कर्षच खोटा. दोन, निष्कर्ष खरा असो वा खोटा, आधार कच्चा. बंद पडलेलं घड्याळ पाहून ‘चार वाजले’ म्हणालात आणि खरंच चार वाजले असले, तर मत बरोबर आहे, पण ते तुम्हाला कळलेलं नाही, लागलेलं आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. तीन, स्वतःशीच विसंगती. अ हा ब पेक्षा चांगला, ब हा क पेक्षा, आणि क हा अ पेक्षा असं एकाच निकषावर कुणी म्हणत असेल, तर जगाकडे न बघताही सांगता येतं की यातलं काहीतरी सोडावं लागेल.

पहिली आणि दुसरी चूक एकत्र करण्यातून सगळा गोंधळ होतो. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंड सरकतात हे मत १९१२ मध्ये मांडलं. निष्कर्ष बरोबर होता. पण खंडांना ढकलणारी म्हणून त्याने जी बलं सांगितली, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यातून येणारं आणि भरती-ओहोटीचं, ती या कामाला फारच तोकडी होती. भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड जेफ्रीज यांनी गणित करून ते दाखवलं, आणि त्यांचं गणित बरोबर होतं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं हा वेगेनरचा अंदाजही फसला. अटलांटिकच्या दोन बाजू वर्षाला अडीच सेंटीमीटरच्या आसपास दूर जातात. तरी ‘म्हणून खंड सरकतच नाहीत’ हा विरोधकांचा निष्कर्ष खोटाच. सागरतळाचा पुरावा आल्यावर १९६० च्या दशकात पारडं फिरलं. म्हणजे एकाच वादात एकाचा निष्कर्ष खरा आणि कारण चुकीचं, दुसऱ्याचा आक्षेप खरा आणि निष्कर्ष चुकीचा. ‘शेवटी वेगेनर बरोबर ठरला’ एवढंच मुलांना सांगितलंत, तर सगळे शहाणे ज्याला नाकारतात तो बरोबरच असतो असा भलताच धडा ते घेतील.

सत्तर_टक्के

चौथी जागा राहिली : खात्रीचं माप. भाकितं ही मतंच असतात, आणि त्यांच्यातली चूक आकड्यात मोजता येते. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेलं माप मुलांना सहज करता येईल.

कृती अशी. सांगितलेली शक्यता दशांशात लिहा. घटना घडली तर १, नाही तर ०. दोहोंतल्या फरकाचा वर्ग करा आणि सगळ्या दिवसांची सरासरी काढा. जितकी कमी तितकं उत्तम.

समजा दहा दिवसांपैकी सात दिवस पाऊस पडला. एकाने रोज ‘९० टक्के’ सांगितलं. पावसाच्या सात दिवसांचे ०.०१ प्रमाणे ०.०७, कोरड्या तीन दिवसांचे ०.८१ प्रमाणे २.४३. बेरीज २.५०, सरासरी ०.२५. दुसऱ्याने रोज ‘७० टक्के’ सांगितलं : सात वेळा ०.०९ म्हणजे ०.६३, तीन वेळा ०.४९ म्हणजे १.४७. सरासरी ०.२१. आता गंमत बघा : काहीच माहिती नसताना रोज ‘५० टक्के’ म्हणणाऱ्याचीही सरासरी ०.२५ येते. पहिल्याचा कल बरोबर होता, पण फाजील खात्रीने त्याने सगळी कमाई घालवली.

इथे हमखास होणारी चूक : ‘७० टक्के म्हणाला होता आणि पाऊस पडलाच नाही, म्हणजे चुकला’. एका दिवसावरून तसं म्हणता येत नाही. त्याचे ७० टक्क्यांचे बरेच अंदाज गोळा करा आणि त्यांतल्या साधारण ७० टक्के वेळा पाऊस पडला का ते बघा. आणि ज्याने ‘बहुधा’, ‘कदाचित’ यापलीकडे आकडा दिलाच नाही, त्याचं मत तपासताच येत नाही. मला विचाराल तर चुकीच्या मतापेक्षा ते वाईट.

खुंट_की_माणूस

सातव्याला कुणी हात लावलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

‘खोटं बोलणं वाईट’ हे मोजपट्टीने पडताळता येत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्येच बोट ठेवलं होतं की ‘असं आहे’ या विधानांवरून थेट ‘असं असावं’ यावर उडी मारता येत नाही. मध्ये एखादं मूल्य धरावंच लागतं. पण यावरून ‘नैतिक मतं म्हणजे नुसती आवड’ असं सिद्ध होत नाही. २०२० मध्ये तत्त्वज्ञांच्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ६२ टक्क्यांचा कल नैतिक वास्तववादाकडे होता, म्हणजे काही नैतिक विधानं कुणाच्या आवडीवर न ठरता खरी असतात या बाजूने. बहुमत हा पुरावा नव्हे. प्रश्न निकाली निघालेला नाही एवढंच त्यातून घ्या. तक्त्यात तिसरा रकाना काढा, ‘मूल्यविधान’, आणि त्याला खरं-खोटंऐवजी ‘कारणं दिली का?’ अशी खूण ठेवा. नैतिक मताखालचे वस्तुविषयक दावे मात्र इतरांसारखेच तपासायचे. ‘या शिक्षेने गुन्हे कमी होतात, म्हणून ती योग्य’ यातला पहिला तुकडा डावीकडचाच.

जाता जाता : न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, ही विभागणी वेगळी आहे आणि वर्गात ती जास्त उपयोगी पडेल. यथार्थ ज्ञान ती प्रमा. अयथार्थात संशय आणि विपर्यय वेगळे. अंधारात समोर खुंट आहे की माणूस हे ठरत नाही, तो संशय. शिंपल्याला चांदी समजून बसणं हा विपर्यय. आपण दोघांनाही ‘माझं मत’ हे एकच लेबल लावतो. खरं तर पहिल्याला अजून बघायचंय आणि दुसऱ्याला वाटतं आपलं बघून झालंय.

कोरी_पाटी

नियम खोडला, तिसरा रकाना आखला. एक अडचण उरते. ‘हे माझं मत आहे’ म्हणून मूल विषयच बंद करतं, तेव्हा काय विचारायचं?

तर्कवही

‘मत असण्याचा हक्क आहे’ आणि ‘मत बरोबर आहे’ ही दोन वेगळी वाक्यं फळ्यावर लिहा. पहिलं मान्य करून दुसऱ्यावर यायचं. मग याच क्रमाने विचारा : नक्की कशाबद्दल बोलतोयस, तुझ्या आवडीबद्दल की त्या वस्तूबद्दल? वस्तूबद्दल असेल तर निकष कोणता? कशावरून म्हणतोस? आणि काय दिसलं तर मत बदलशील? शेवटच्याला ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं उत्तर आलं, तर ते मत आता पुराव्यावर उभं नाही हे मुलाच्याच तोंडून निघालं. ‘चूक’ हा शब्द तुम्हाला उच्चारावाही लागत नाही.

फुली_बरोबर

‘माझ्या मते’ हे कवच कायद्यातही सरसकट चालत नाही. ‘माझ्या मते अमुक माणूस खोटारडा आहे’ यात वस्तुस्थितीचा दावा दडलेला असू शकतो, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मिल्कोविच या बदनामीच्या खटल्यात म्हटलं. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या बदनामी कायद्यात प्रामाणिक मताचा बचाव आहे, पण त्यासाठी मताचा आधार निदान ढोबळपणे दाखवलेला असावा लागतो, आणि त्या वेळच्या वस्तुस्थितीवरून प्रामाणिक माणसाला तसं वाटू शकलं असतं हेही दिसावं लागतं. मुलांना वाक्याच्या सुरुवातीचं ‘माझ्या मते’ झाकून उरलेलं वाचायला सांगा. ‘पृथ्वी सपाट आहे’ उरलं तर डावीकडे.

कोरी_पाटी

झाकायची युक्ती चांगली आहे, कागदाची पट्टीच करून देतो. पहिल्या वाक्यात दाबही घातला.