‘संरेखन’ की ‘ट्रू करणे’? लेथवर लांब नळी धरण्याच्या कामाला मराठीत काय म्हणावं

भाषांतरकार : घरच्या छोट्या लेथवर (धातू फिरवत कापायच्या यंत्रावर) रायफलची नळी चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, अचूक कशी बसवायची, या इंग्रजी मजकुराचं मराठी करतोय. त्यात ‘अलाइन’ हा एकच शब्द जागोजागी येतो. कोशातला ‘संरेखन’ घेतला तर वाक्य होतं : ‘नळीचे कातयंत्राच्या अक्षाशी संरेखन करावे. एक सूतही फरक राहता कामा नये.’ हे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टर्नरला वाचून दाखवलं तर तो हातात काय घेईल? चकची चावी, पाना की लेव्हल?

कातारी : काहीच घेणार नाही, चहा मागवेल. तुमच्या इंग्रजी शब्दाच्या पोटात तीन कामं आहेत आणि शॉपमध्ये तिन्हींना वेगळी क्रियापदं आहेत. कोणता बोल्ट फिरवायचा, त्यावरून शब्द ठरवा.

पहिलं, ‘मशीन लेव्हल करणे’. इथे पायाचे बोल्ट फिरतात आणि बेडचा, म्हणजे मशीनच्या लांब पायथ्याचा, पीळ निघतो. मीटरला ०.०२ मि.मी. दाखवणारी लेव्हल बेडवर आडवी ठेवायची, एकदा हेडस्टॉककडे (चकच्या टोकाला), एकदा टेलस्टॉककडे (समोरच्या, आधाराच्या टोकाला). दोन्हीकडे बुडबुडा सारखाच बसला पाहिजे, मग तो मधोमध नसला तरी चालतं. घरातल्या अँगलच्या स्टँडवर मशीन नुसतं आवळलं की बेड हमखास पिळतो. पडताळा घ्यायचा तर ४० मि.मी.चा बार चकबाहेर १५० मि.मी. काढा, टेलस्टॉकचा टोकदार आधार (सेंटर) लावू नका. दोन टोकांना दोन कॉलर (उंच पट्टे) ठेवून एकाच सेटिंगवर हलका कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. दोन्ही माप एक आलं तर झालं.

दुसरं, ‘टेलस्टॉक सेंटरला आणणे’. यात टेलस्टॉकचे बाजूचे स्क्रू फिरतात. दोन सेंटरमध्ये बार धरून कट घेतला आणि टेलस्टॉककडचं टोक ०.०४ जाड आलं, तर टेलस्टॉक टूलच्या बाजूला ०.०२ सरकवायचा. मशीन ‘टेपर मारतंय’, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक कापतंय, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते, नाहीतर पहिल्या कामातली.

तिसरं, ‘जॉब ट्रू करणे’, म्हणजे चकमध्ये धरलेली वस्तू मशीनच्या मध्यावर आणणे. तुमच्या मजकुरात बहुतेक ठिकाणी हेच असणार. फोर जॉ चकचे चार जबडे (जॉ) एकेक फिरतात, डायल (काट्यानं फरक दाखवणारं माप) लागतो. वरची दोन झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आणि ते ‘एक सूत’ आधी काढा. इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मि.मी. एवढा फरक चालला असता तर डायल कशाला लावला असता? ‘डायलची एक रेघ’ म्हणा. साध्या डायलवर ती ०.०१ मि.मी. असते.

मागवाला (यंत्रमाग चालवणारा) : शिवाय सोलापुरात सूत म्हटलं की आधी धागाच आठवतो. ‘कातयंत्र’चंही तसंच. आयटीआयच्या यादीत टर्नरला ‘कातारी’ आणि फिटरला ‘जोडारी’ लिहितात ते ठीक आहे, पण इथल्या वाचकासाठी कातणं म्हणजे सूतगिरणी. सरळ ‘लेथ’ लिहा.

माझा प्रश्न ‘सेंटर’चा. आमच्याकडे मागावर ताणा (उभे धागे) गुंडाळलेल्या बीमच्या पाईपला दोन्ही टोकांना गजन, म्हणजे ज्यावर बीम फिरतो ते दांडे, बसवलेले असतात. एक वाकडा झाला किंवा झिजला की बीम फिरताना झोका घेतो, ताण्याचा ताण प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतो. त्याला आम्ही ‘बीमचं सेंटर गेलं’ म्हणतो. लेथवाला म्हणतो ‘आउट आहे’. दोन्ही एकच का?

कातारी : जवळजवळ, आणि त्या ‘जवळजवळ’मध्ये निम्म्याचा फरक आहे. डायल एका फेऱ्यात कमीतून जास्तीत जेवढा फिरतो तो ‘आउट’. सेंटर त्याच्या निम्म्यानं चुकलेलं असतं. डायलनं ०.१० दाखवलं तर जॉब ०.०५ सरकवायचा. इंग्रजीत या दोन मापांना दोन शब्द आहेत. भाषांतरात दोन्हींना ‘विचलन’ लिहिलं की वाचणारा पूर्ण ०.१० सरकवतो आणि आउट तेवढाच राहतो, फक्त उलट्या बाजूला.

‘सेंटर’ला कोणतं क्रियापद लागतं तेही बघा. ‘सेंटर मारणे’ म्हणजे पंच किंवा सेंटर ड्रिल. ‘सेंटर लावणे’ म्हणजे टेलस्टॉकचा टोकदार आधार देणे. ‘सेंटर काढणे’ म्हणजे मध्य शोधणे, आखणीचं काम. ‘सेंटरात घेणे’ हे ट्रू करण्याला जवळचं. नुसतं ‘सेंटर करा’ लिहू नका.

भाषांतरकार : मग ‘नळी ट्रू करावी’ एवढं पुरेल?

कातारी : नाही. ‘कशावर ट्रू’ ते हवं. बाहेरून ट्रू की आतून? खोल ड्रिल जाता जाता वाट सोडतो, म्हणून लांब नळीचं भोक बाहेरच्या गोलाईशी एकमध्य असेलच असं नाही, आणि ते सरळ असेल याचीही खात्री नाही. नळीच्या बाबतीत महत्त्वाचं भोक. बाहेरून शून्य आउट मिळाला तरी आत डायल घातल्यावर काटा नाचतो. म्हणून ‘भोकावर ट्रू करणे’ लिहा.

इथे दोन ओळी जास्त लिहिल्या तरी चालेल. एकाच जागी डायल लावून आउट शून्य केला तर भोकाचा तेवढाच एक बिंदू मशीनच्या मध्यावर आला, नळी तिरकी असू शकते. तोंडाजवळ एकदा आणि आत ५०-६० मि.मी.वर एकदा, असं दोन जागी बघायचं. तोंडाजवळचा आउट चकच्या जॉनी काढायचा. आतला आउट काढायला हेडस्टॉकमधून आरपार मागे निघालेलं नळीचं टोक हलवावं लागतं, ते हेडस्टॉकच्या मागे बसवलेल्या चार बोल्टांच्या रिंगनं. एक हलवलं की दुसरं थोडं बिघडतं, म्हणून आलटून पालटून, प्रत्येक खेपेला कमी कमी. दोन्ही जागी काटा एका रेघेच्या आत थांबला की बास.

मागवाला : पण चकनं घट्ट धरलेली नळी मागून हलेल कशी?

कातारी : जॉची पूर्ण लांबी नळीवर बसली असेल तर हलणारच नाही, वाकेल. डायलवर शून्य दिसेल आणि चक सोडला की नळी परत मूळ जागी. म्हणून जॉखाली तीनेक मि.मी. जाड, मऊ तांब्याच्या तारेचा एक वेढा घालतात. पकड एकाच रेषेवर राहते आणि नळीला मान फिरवायला जागा मिळते. याला आमच्याकडे वेगळा शब्द नाही, ‘तार घालून धरणे’ म्हणतात.

भाषांतरकार : त्या मागच्या रिंगला इंग्रजीत ‘स्पायडर’ म्हणतात. ‘कोळी’ लिहिलं होतं.

मागवाला : कोळी नको. वाचणारा जाळं झाडायला झाडू आणेल.

कातारी : ‘मागची बोल्टाची रिंग’ लिहा. चार बोल्ट, एम६ किंवा एम८, टोकाला पितळ, म्हणजे नळीवर डाग पडत नाहीत. रिंग नसेल तर मागे बाहेर आलेलं टोक वेगात फटका मारतं आणि वाकतं, म्हणून ती नुसती ट्रू करण्यापुरती नाही, चालू कामातही आधार देते. बोल्टांची डोकी बाहेर आलेली नकोत, शर्टाची बाही तिथेच अडकते. आणि ‘स्टेडी’शी गल्लत नको. स्टेडी बेडवर, चकच्या पुढे असते आणि बाहेरच्या गोलाईवर चालते. ती गोलाई आधी ट्रू केलेली नसेल तर तिची खोट जशीच्या तशी भोकात उतरते.

भाषांतरकार : शेवटचे दोन. नळीच्या आतल्या पिळाला ‘आटे’ चालेल का? आणि लिव्हर डायलचं टोक ‘कोनात ठेवावे’ असं मी लिहिलंय.

कातारी : आटे म्हणजे बोल्टचे. एम१० चा आटा दीड मि.मी.ला एक फेरा घेतो, नळीतला पीळ साधारण दहा-बारा इंचांत एक. ‘पिळाच्या खाचा’ लिहा. डायल फिरवताना या खाचांवर काटा उड्या मारतो, तो आउट समजू नये. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) हातानं फिरवा आणि फक्त खाचांच्या तळाचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. तळ चुकवून मधल्या उंचवट्याचा आकडा धरला तर सगळा हिशेब गेला.

डायलचं वाक्य उलटं झालंय. टोक पृष्ठाला जितकं समांतर तितकं चांगलं. ३० अंशांचा कोन झाला तर डायल जास्त दाखवतो, खरा आकडा त्याच्या ०.८७ पट. शून्याकडे जाताना चालून जातं, पण किती सरकवायचं याचा हिशेब चुकतो. ‘कोन शक्य तितका कमी ठेवावा’ असं करा.

आणि वर एक ओळ टाका : आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदूक बनवायला परवाना लागतो. मराठी वाचकासाठी उदाहरण बीमच्या पाईपचं किंवा हायड्रॉलिक सिलिंडरच्या नळीचं दिलं तरी पद्धत तीच राहते, फक्त खाचांचा परिच्छेद गळेल.

भाषांतरकार : बदललेलं वाक्य : ‘नळी तार घालून फोर जॉमध्ये धरावी आणि भोकावर दोन जागी डायल लावून ट्रू करावी, तोंडाजवळचा आउट जॉनी, आतला आउट मागच्या रिंगनं काढावा.’

कातारी : ‘आधी तोंडाजवळचा’ असं घाला. बाकी चावी हातात घेईल तो.