जुन्या अवशेषांचे फोटो: पुरावा की मांडलेला देखावा?

इतिहासप्रेमी:
१८५७ च्या उठावाबद्दल काहीही वाचायला घ्या, लखनौच्या सिकंदर बागेचा फेलिचे बेआतो या युद्धछायाचित्रकाराने काढलेला फोटो समोर येतोच. तोफांनी खिळखिळी झालेली इमारत आणि पुढे अंगणात विखुरलेल्या कवट्या, हाडं. लढाई नोव्हेंबर १८५७ मधली. बेआतो तिथे पोचला १८५८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर. हाडं फोटोसाठी मुद्दाम बाहेर काढून पसरली, असं अनेक अभ्यासक मानतात. तरी आपण तो ‘लढाईचा फोटो’ म्हणून छापतो! हा जेत्या इंग्रजांच्या बाजूने मांडलेला देखावा आहे. मेलेल्यांची अशी मांडामांड केली याचा मला संताप येतो.

पाषाणवेडी:
संताप समजू शकते, पण एका फोटोपायी सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. अलेक्झांडर ग्रीनलॉने १८५६ मध्ये मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर हंपी टिपली. विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथावर त्यात विटांचं शिखर स्पष्ट दिसतं. आज ते नाही; पन्नासच्या नोटेवरही बिनशिखराचाच रथ आहे. तो फोटो नसता तर आजचं रूपच मूळचं समजून बसलो असतो. ग्रीनलॉ तर इंग्रजांच्याच फौजेतला अधिकारी होता, म्हणून शिखर खोटं ठरतं का?

धूसर:
शिखर हलत नाही, म्हणून उमटलं. त्या कागदावर कित्येक मिनिटं प्रकाश पडू द्यावा लागे. येणारी-जाणारी माणसं, गुरं त्यात दिसतच नाहीत. मग राबती जागाही ओसाड वाटते, आणि ‘इथल्यांनी टाकून दिलं, आम्ही शोधलं’ हे सहज खपतं. माणूस दिसलाच तर मापापुरता. १८५० मध्ये मॅक्सिम द्यु काँ या फ्रेंच लेखक-छायाचित्रकाराने इजिप्तमध्ये हाजी इस्माईल या खलाशाला अबू सिंबेलच्या पुतळ्यांवर तसंच चढवलं होतं. हलू नये म्हणून त्याला सांगितलं, कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर गोळा सुटेल. पुतळ्याची उंची कळावी म्हणून जिवंत माणसाला ही भीती!

पाषाणवेडी:
भयंकर आहे. पण हे द्यु काँनेच लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं ना? फोटोसोबत कागदपत्रंही वाचा, एवढंच म्हणते.

इतिहासप्रेमी:
कागदपत्रं संशोधक वाचतात. शाळेतल्या मुलापुढे नुसता फोटो येतो. त्याखाली ‘लढाईनंतर काही महिन्यांनी काढलेला’ एवढं छापायला कोणाची हरकत आहे?