मशीन शॉपमधला क्वालिटी इन्स्पेक्टर: रेझ्युमे पाठवतो, पण फोनच येत नाही. काय बदलू?

गेजवाला:
डिप्लोमा मेकॅनिकल, 5 वर्षं अनुभव, त्यातलं पहिलं वर्ष अप्रेंटिस. भोसरीत कॅमशाफ्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मशीनिंग लाइनवर इन्स्पेक्शन, कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर. आता चाकण-रांजणगाव पट्ट्यात किंवा संभाजीनगरला क्वालिटी इंजिनिअरची जागा हवी आहे. रेझ्युमे दोन पानी, ऑनलाइन टेम्प्लेटवर बनवलेला: डाव्या निळ्या पट्टीत फोटो आणि स्किल्स, प्रत्येक स्किलपुढे पाचपैकी तारे, उजवीकडे अनुभव. फॉरमॅट चुकतोय की मजकूर? आणि इलेक्ट्रिक गाड्यांमुळे इंजिन पार्टचा अनुभव आता कुणाला नकोय का?

मायक्रॉन_मास्तर:
फॉरमॅट आणि मजकूर, दोन्ही. फॉरमॅट आधी उरका, अर्ध्या तासाचं काम आहे.

पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. डाव्या पट्टीतल्या ओळी उजवीकडच्या अनुभवात मिसळलेल्या दिसल्या, तर कंपन्यांची भरतीची बरीच सॉफ्टवेअर्सही तुमचा रेझ्युमे तसाच वाचतात. काहीच पेस्ट झालं नाही, तर टेम्प्लेटने सगळं चित्र म्हणून सेव्ह केलंय आणि शोधात तुम्ही सापडणारच नाही. वर्डमध्ये नव्याने टाइप करा: एकच कॉलम, टेबल नाही, टेक्स्ट बॉक्स नाही. मोबाइल नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकू नका, काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत. तारखा सगळीकडे महिना-वर्ष अशा एकाच पद्धतीने लिहा.

फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं ते ‘वरील माहिती सत्य आहे, ठिकाण, तारीख, सही’ हे सगळं काढा. खाजगी नोकरीत ते कुणी मागत नाही. तारेही काढा. सीएमएमला (पार्टची मापं घेणारं मशीन) चार तारे म्हणजे नेमकं काय? प्रोग्राम बनवता येतो, की तयार प्रोग्राम फक्त चालवता येतो? यातलं जे खरं असेल ते शब्दांत लिहा.

पीपॅप_पाटील:
मजकुराबद्दल. ‘कंपोनंटच्या क्वालिटी इन्स्पेक्शनची जबाबदारी’ ही ओळ प्रत्येक इन्स्पेक्टरच्या रेझ्युमेत असते. त्यातून ना पार्ट कळतो, ना टॉलरन्स (मापात चालणारा फरक). प्रत्येक ओळीत पार्ट, प्रोसेस, कॅरेक्टरिस्टिक, इन्स्ट्रुमेंट आणि तुम्ही घेतलेला निर्णय यावा. रेझ्युमे इंग्रजीतच ठेवा, मी इथे मराठीत मांडतो:

‘कॅमशाफ्ट, टर्निंग ते ग्राइंडिंग. 28 मिमी जर्नलवर 13 मायक्रॉन टॉलरन्स, एअर गेजने तपासणी. फर्स्ट पीस अप्रूव्हल, एसपीसी चार्ट, ट्रेंड दिसताच ऑफसेट करेक्शनसाठी लाइन थांबवणे.’

(जर्नल म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग, एसपीसी म्हणजे मापांच्या आलेखावरून प्रोसेसवर नजर ठेवणं, ऑफसेट म्हणजे मशीनमधलं टूलचं सेटिंग.) आकडे अर्थात तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे. रिजेक्शन कमी केलं असेल तर आधी किती आणि नंतर किती ते द्या, पण टक्क्यांत. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर किंवा पीपीएमचा (दहा लाखांत किती पार्ट खराब) आकडा जसाच्या तसा लिहू नका. गोपनीयता न पाळणारा माणूस क्वालिटीत कुणालाच नको असतो.

इन्स्पेक्टर आणि इंजिनिअर यांतला फरक कागदपत्रांत आहे. इन्स्पेक्टर मोजतो. इंजिनिअर कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कशाने तपासायचं याचा तक्ता) बदलतो, 8डी (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय यांचा अहवाल) लिहितो, पीपॅपची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची) फाइल लावतो. यातलं जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहा, कारण मुलाखतीत थेट तिथेच बोट ठेवतात. एसपीसी लिहिलंत की विचारणार: सीपी (मापांची नुसती पसरण पाहणारा आकडा) 1.8 आणि सीपीके (पसरणीसोबत मध्यही पाहणारा) 0.9 आहे, काय कराल? उत्तर: पसरण चांगली आहे, मध्य सरकलाय, ऑफसेट दुरुस्त करा, मशीनला दोष देऊ नका. एमएसए (मोजमापाच्या पद्धतीचीच तपासणी) लिहिलंत तर गेज आर अँड आर (मोजण्यामुळेच येणारा फरक) 10 टक्क्यांच्या आत चांगलं, 10 ते 30 मध्ये वापरावर अवलंबून, 30 च्या वर नामंजूर. एफएमईए (संभाव्य बिघाडांचं विश्लेषण) लिहिलंत तर 2019 च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटना) हँडबुकपासून आरपीएनच्या (जोखमीचा गुणाकाराने काढलेला आकडा) जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आलीय, हे ठाऊक हवं. आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) नुसतं ‘नॉलेज’ म्हणून लिहू नका. ऑडिटमध्ये तुमच्या लाइनवर काय दाखवलंत ते लिहा.

पाच वर्षांना एक पान पुरतं.

मायक्रॉन_मास्तर:
एका पानाचा आग्रह मला पटत नाही. तीन-चार पार्ट फॅमिली हाताळल्या असतील तर दीड पान चालेल. फक्त पहिल्या अर्ध्या पानात पार्ट आणि इन्स्ट्रुमेंट दिसले पाहिजेत.

रोटर_शाफ्ट:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बॅटरीवरच्या गाडीत कॅमशाफ्ट नाही हे खरं. पण सीएनजी, हायब्रिड, ट्रॅक्टर, जनसेट यांना तो लागतोच, त्यामुळे अनुभव लपवू नका. पार्टच्या नावापेक्षा प्रोसेस पुढे आणा. मोटरचा रोटर शाफ्टही टर्निंग, हार्डनिंग, ग्राइंडिंगमधूनच जातो. रनआउट (फिरताना शाफ्टचं डगमगणं), जर्नल व्यास, सरफेस फिनिश मोजणं तेच, बॅलन्सिंग तेवढं नवीन. रिडक्शन गिअरमध्ये दाताचं फिनिश जास्त कडक पाहतात, कारण इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची शिट्टी गाडीत ऐकू येते. मोटर हाउसिंग अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगचं, म्हणजे पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं) आणि लीक टेस्ट. या दोन गोष्टी शिकून ठेवा.

जागा शोधताना नव्या प्लांटचे सप्लायर पाहा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, व्यवहार जानेवारी 2024 मध्ये पूर्ण झाला. संभाजीनगरजवळ बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत कारखाना उभारण्याचं ई-स्कूटर बनवणाऱ्या एथरने 2024 मध्ये जाहीर केलं. मुख्य कंपनीचं उत्पादन सुरू होण्याआधीच सप्लायरला पीपॅप मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे क्वालिटीची भरती त्याच्याकडे आधी निघते.

गेजवाला:
आभार. आणखी दोन शंका. रेझ्युमेत कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहू की जिथे काम केलं त्या कंपनीचं? आणि एक कन्सल्टन्सी ‘ईव्ही सर्टिफिकेट आणि जॉब गॅरंटी’साठी 40 हजार मागतेय.

पीएफ_पासबुक:
दोन्ही नावं लिहा: ‘एम्प्लॉयर’ म्हणून कॉन्ट्रॅक्टर आणि पुढे ‘कामाचं ठिकाण’ म्हणून कंपनी. पडताळणीत यूएएनची (पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्ट्री मागतात, तिथे पीएफ भरणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचंच नाव दिसतं. रेझ्युमेत नुसती मोठी कंपनी लिहिलीत तर तफावत निघते आणि ऑफर अडकते. अर्ज करण्याआधी सर्व्हिस हिस्ट्री उघडून तारखा जुळवा. जुन्या नोकरीची ‘डेट ऑफ एक्झिट’ भरलेली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ती स्वतः भरता येते. अप्रेंटिस कायद्याखालच्या वर्षाला पीएफ लागू नसतो, त्यामुळे ते तिथे दिसणार नाही. त्याचं प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा.

रोटर_शाफ्ट:
40 हजार देऊ नका. भरती करून देणाऱ्या कन्सल्टंटला फी कंपनी देते, बऱ्याचदा वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. उमेदवाराकडे पैसे मागणारा नोकरी विकत नसतो, कोर्स विकत असतो. शिकायचंच असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) शिकणं फुकट आहे, केंद्रावर देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेची फी 1000 रुपये.

जॉब पोर्टलच्या प्रोफाइलवर हेडलाइनही बदला. ‘सीकिंग चॅलेंजिंग पोझिशन’ कुणी सर्च करत नाही. ‘क्वालिटी इंजिनिअर, मशीनिंग, एसपीसी, पीपॅप, सीएमएम’ हे करतात. नोटीस पिरियड खरा भरा, एचआर त्यावर फिल्टर लावतात.