मदत हवी आहे: ड्रायव्हर चांगला आहे, पण स्टिअरिंगवर पेंगतोय. अशा वेळी काय करावं?

नमस्कार मंडळी,

आईचं डायलिसिस एक दिवसाआड असतं. पहिल्या शिफ्टला नंबर लागलाय, त्यामुळे घरातून अंधारातच निघावं लागतं. आमच्याकडे गाडी नाही. जाताना टॅक्सी, येतानाही टॅक्सी, असं बरेच महिने चाललंय. परवा जे झालं त्यानंतर काय करावं ते कळेनासं झालंय. जे स्वतः टॅक्सी चालवतात, ज्यांच्या घरात कुणी चालवतं, किंवा पेशंटला घेऊन ज्यांना नेहमी फिरावं लागतं, त्यांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितेय, कारण मागचं-पुढचं कळल्याशिवाय उत्तर देणं अवघड आहे.

आईच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातली रोहिणी आणि नीला ऑपरेशन करून जोडलेली असते. तो हात ओढायचा नाही, दाबायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही. ब्लड प्रेशरचा पट्टासुद्धा त्या हाताला बांधत नाहीत. गाडीत बसताना-उतरताना मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते, कारण मदतीला येणारा माणूस समोर येईल तो हात धरतो. मी ओरडेपर्यंत धरलेला असतो.

वाईट अनुभव पुष्कळ आहेत. वॉकर दिसला की लांबूनच गाडी वळवून राइड रद्द करणारे. 'किती वेळ लावताय' म्हणत हॉर्न वाजवणारे. स्पीकरवर भांडत गाडी हाकणारे. डायलिसिसनंतर आईचं बीपी उतरलेलं असतं, एकदम ब्रेक मारला की तिला मळमळतं. हे सांगूनही एकाने प्रत्येक सिग्नलला कचकन ब्रेक मारला. अशांची तक्रार करताना मला अजिबात वाईट वाटत नाही.

पण एक ड्रायव्हर आठवतो. कपाळावर कायम आठ्या. वॉकरला हात लावला नाही, मी गुड मॉर्निंग म्हटलं तर हूं की चूं नाही. आणि गाडी मात्र अशी चालवली की आई पूर्ण रस्ताभर शांत झोपली. पुढचा सिग्नल लाल होणार हे बघून तो लांबूनच वेग उतरवत आणायचा, खड्डा आला की जवळजवळ थांबून चाक उतरवायचा. माणूस घुश्श्यातला, पण ड्रायव्हर अव्वल. त्याला मी पूर्ण स्टार दिले आणि खाली दोन ओळी लिहिल्याही. त्या त्याच्यापर्यंत पोचल्या का, देव जाणे.

आता परवाचं. पहाटेची गाडी आली. ड्रायव्हर तरुण होता. आम्ही फाटकाशी दिसलो तसा स्वतःहून खाली उतरला, पुढची सीट मागे सरकवली, वॉकर घडी करून डिकीत आडवा ठेवला. मग आईसमोर उभा राहून त्याने विचारलं, "आजी, कुठल्या हाताला धरू?" इतक्या महिन्यांत हे विचारणारा पहिलाच माणूस. आईने उजवा हात पुढे केला. त्याने कोपराखाली आधार दिला आणि ती नीट टेकेपर्यंत सोडला नाही. मला अगदी भरून आलं.

दहा मिनिटांनी मोठ्या रस्त्याला लागलो. मी मागे बसले होते. आरशात त्याचे डोळे दिसत होते. आधी पापण्यांची उघडझाप वाढली, मग त्याने दोनदा मानेला झटका दिला. गाडी हळूहळू डावीकडे सरकत पांढऱ्या पट्टीवर गेली आणि मागच्या ट्रकने हॉर्न दिला तेव्हा तो दचकून सावरला. मी म्हटलं, "दादा, बाजूला घ्या जरा." तो म्हणाला, "नाही ताई, जागा आहे मी." काच खाली केली, रेडिओ लावला. पुन्हा तेच. मग मी पुढे वाकून सेंटर येईपर्यंत त्याच्याशी अखंड बोलत राहिले. बोलण्यातून कळलं की तो आदल्या दुपारपासून गाडीवर होता. रात्री भाडी चांगली मिळतात, महिन्याचा हप्ता जवळ आलाय, आणि आमच्यानंतर अजून एक भाडं करून तो घरी जाणार होता. उतरतानाही आईचा तोच हात तितक्याच जपून धरला.

आल्यावर मी या विषयावर वाचलं. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी दाखवून दिलंय की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं मंदावतं. कितीतरी देशांत याच आकड्याला दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा धरतात. काच उघडणं आणि रेडिओ लावणं यांचा उपयोग अगदी थोडा आणि थोडाच वेळ होतो, हे लफबरो विद्यापीठातल्या जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी नव्वदच्या दशकातच तपासून ठेवलंय. त्यांच्या प्रयोगांत कॉफी आणि पंधरा मिनिटांची डुलकी यांचा खरा गुण आला. कॉफीचा असर व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात डुलकी होते. आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ५० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. हे वाचल्यापासून आरशातले त्याचे डोळे डोळ्यांसमोरून जात नाहीत.

लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा तर 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. १८६५पासून ती चालू आहे, आणि चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करायला लोक तीन-चार वर्षं घालवतात. रस्ते पाठ आहेत की नाहीत हे तपासायला इतका खटाटोप. पण गाडीवर बसणारा माणूस आज झोपून आलाय का, हे प्रवासी बसताना कुठेच कुणी विचारत नाही. मला तरी हे फार खटकतं.

माझी अडचण आता सांगते. अॅपवर त्या राइडला अजून स्टार दिलेले नाहीत. तक्रारीत निवडायला कारणं आहेत ती अशी: उद्धट वागणूक, अस्वच्छ गाडी, बेदरकार गाडी चालवणं, चुकीचा रस्ता. 'ड्रायव्हरला झोप येत होती' असं कारणच नाही. 'बेदरकार' निवडलं तर त्या मुलाचं काय होईल? आयडी बंद झाला तर हप्ता कसा भरणार? आणि काहीच कळवलं नाही तर उद्या पहाटे तो दुसऱ्या कुणाच्या आईला घेऊन निघेल. मला त्याची रोजी बुडवायची नाही. त्याला झोप मिळावी, एवढंच हवंय. अशी तक्रार कशा शब्दांत लिहावी? ग्राहक सेवेला फोन करून माणसाशी बोललं तर काही फरक पडतो का? आयडी बंद होणं आणि काही तासांची सक्तीची विश्रांती यातलं काय होतं, हे आतल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

दुसरं, त्या क्षणी काय बोलायचं? 'तुम्हाला झोप येतेय' म्हटलं की प्रत्येक जण 'नाही' म्हणतो. 'मला गाडी लागतेय, पाच मिनिटं थांबा' असं म्हणावं, असं शेजारच्या काकूंनी सुचवलं. पटतंय, कारण त्यात त्याचा अपमान नाही. पण थांबल्यावर पुढे काय? वीस मिनिटं झोपा, थांबल्याचे पैसे मी देते, असं म्हटलेलं चालेल का? की ते ऐकून ड्रायव्हरला राग येईल? उतरून दुसरी गाडी करणं हा मार्ग आम्हाला नाही. त्या रस्त्यावर, त्या वेळी, वॉकर घेऊन आई उभी राहू शकत नाही.

तिसरं, ठरलेला एकच ड्रायव्हर लावावा, असं घरात चाललंय. रात्री घरी झोपून पहाटे ताजातवाना येईल असा. पण मग अॅपवर गाडी कुठे आहे ते भावाला दिसायचं, ते बंद होणार. शिवाय आई अॅडमिट असेल त्या दिवसांचे पैसे कसे ठरवायचे? तो उठून तयार असतो, तेव्हा काहीच न देणं मला बरोबर वाटत नाही. ज्यांनी असं कुणाला लावलंय त्यांनी बोलणी कशी केली, काय आधी लिहून घेतलं, ते सांगा. आमच्या बजेटमध्ये बसलं तर मला तोच परवाचा मुलगा चालेल, फक्त त्याने रात्रभर गाडी न चालवता, झोपून यावं.

संपादन: प्रतिसादांत दोघातिघांनी विचारलंय म्हणून लिहिते. डायलिसिसची शिफ्ट बदलून मागितली आहे, पण दुपारच्या शिफ्टला जागा नाही, वेटिंगवर नाव आहे. सेंटरची स्वतःची गाडी नाही. आणि हो, 'बसण्याआधीच ड्रायव्हरला विचारा' हा सल्ला आवडला. "दादा, आजची पहिलीच राइड की रात्रभर चालू आहे?" एवढं सहज विचारता येईल. उत्तर 'रात्रभर' आलं तर फाटकातूनच दुसरी गाडी बोलावता येईल, कारण तिथे आईला बसायला कट्टा आहे. मात्र त्यासाठी अर्धा तास आधी निघावं लागेल, ते करू.

तक्रारीच्या शब्दांचं मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. स्टार देण्याची मुदत संपायच्या आत मला ते पाठवायचं आहे, तेव्हा ज्यांना माहिती आहे त्यांनी आधी त्याबद्दल लिहा, प्लीज.