सागाची गोलाई जूनपेक्षा नोव्हेंबरात कमी कशी भरते?

शिवार_सव्वाएकर
मुरमाड जमीन, सव्वा एकर, २ × २ मीटरवर सागजडी (सागाच्या रोपाचा मुळासकट खोडाचा तुकडा) लावलेली, साधारण १,२०० झाडं. यंदा तिसरा पावसाळा संपला. जूनच्या सुरुवातीला ४० झाडांची छातीच्या उंचीवरची गोलाई घेतली होती, परवा तीच झाडं पुन्हा मोजली. सरासरी वाढली, पण ७ झाडांची गोलाई अर्ध्या सेंमीने कमी भरली. टेप तोच, शिंप्याचा. झाड आक्रसतं का? आणि दरवेळी सगळी १,२०० मोजावी लागतील का?

गोलाई१३७
उन्हाळ्यात साल सुकते, पण तो फरक मिलिमीटरचा. शिवाय तसं असतं तर जूनचं माप कमी यायला हवं होतं, तुमचं उलट झालंय. म्हणजे मापाची जागा सरकली.

निंदणीच्या वेळी बुंध्याला मातीची भर दिली होती का? १.३७ मीटर आपण जमिनीपासून धरतो. १५ सेंमी भर पडली की टेप खोडावर १५ सेंमी वर जातो. ४ मीटर उंचीच्या कोवळ्या झाडाचं खोड वर झपाट्याने निमुळतं होतं, त्यामुळे तेवढ्यानेच अर्धा-पाऊण सेंमी जातो. वर्षाची वाढ ४ सेंमी असेल तर ही चूक साडेबारा टक्के किंवा त्याहूनही जास्त झाली!

उपाय सोपा. १३७ सेंमीची सरळ काठी कापा, भर बाजूला सारून मूळ जमिनीवर टेकवा (उतार असेल तर वरच्या अंगाला) आणि ऑइल पेंटने पट्टा मारा. पट्ट्याची वरची कड हीच कायमची रेघ. गेरू एका पावसात जातो. खिळा तर मुळीच नको, तिथे गाठ येते आणि पुढची सगळी मापं फुगतात. रेघेवर फांदीची गाठ आली तर सारख्या अंतरावर वर आणि खाली मोजून सरासरी घ्या.

टेपही बदला. शिंप्याचा टेप ताणतो, आणि ताणलेला टेप आकडा कमी दाखवतो. फायबरग्लासचा घ्या.

नांगेभरणी
वरच्याशी सहमत. १,२०० मोजायची गरज नाही, पण ४० कशी निवडलीत ते महत्त्वाचं. बांधालगतच्या दोन ओळी सोडा, तिथे ऊन जास्त मिळतं आणि झाडं फसवी जाड होतात. आतल्या झाडांत चिठ्ठी टाकून पहिलं झाड ठरवा, मग दर दहावं. शंभरेक झाडं पुरतात.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. निवडलेलं झाड मेलं की लोक शेजारचं धडधाकट झाड वहीत घालतात. तसं करू नका, ‘मृत’ लिहा. बारीक झाडं आधी मरतात, त्यामुळे नुसती सरासरी पाहिली तर वाढ न होताही वाढ दिसते. म्हणून वाढ काढताना दोन्ही वेळी जिवंत असलेलीच झाडं धरा आणि जगण्याचं प्रमाण वेगळं काढा. दुसरं म्हणजे नांगे भरलेली, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नंतर लावलेली झाडं. ती वर्षाने लहान, त्यांचं पान वेगळं.

गोलाई१३७
त्यातली जी झाडं जेमतेम छातीपर्यंत आली असतील त्यांची १.३७ वरची गोलाई घेण्यात अर्थ नाही. जमिनीपासून १५ सेंमीवर व्हर्नियर कॅलिपरने एकमेकांशी काटकोनात असा दोनदा व्यास घ्या.

शिवार_सव्वाएकर
भर दिली होती, बरोबर! उंची कशी घ्यायची? आणि यावरून पंधराव्या वर्षी किती घनफूट निघेल ते सांगता येईल का?

नांगेभरणी
५ मीटरचा बांबू, दर १० सेंमीला रंगाची खूण. एकाने खोडाला लावून धरायचा, दुसऱ्याने निदान झाडाच्या उंचीइतकं लांब उभं राहून वाचायचं. शेंड्याच्या कोंबापर्यंतच मोजा. सागाचं पान कोंबाच्या वर उभं राहतं आणि हातभर उंची फुकट वाढवतं. म्हणूनच मोजणी दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, त्याच पंधरवड्यात करा. तेव्हा वाढ थांबलेली असते, पानगळही सुरू असते.

घनफुटाचं आत्ता विचारू नका. रोपं विकणारे असला हिशोब करून देतात, पण कोवळ्या सागाची सुरुवातीची घोडदौड फांद्या एकमेकींना भिडल्या की मंदावते. तुमचे आकडे विरळणीच्या, म्हणजे दाटीतली काही झाडं काढण्याच्या कामाचे. दोन वर्षं लागोपाठ गोलाईची वाढ घटली आणि वर छत मिटलेलं दिसलं की विरळणीला उशीर होतोय असं समजा.